करंजकोंड केंद्र

१९ नोव्हेंबर १९५९, गुरुवार

आज दुपारी रेडिओ मेला. गवयाचा आवाज बारीक होत गेला. मला वाटले खर्जात गेला आहे, वर येईल. आला नाही. बटणे पिळली, पाठीवर थापट्या मारल्या, तारा पुसून पुन्हा लावल्या. ढिम्म. बॅटरी संपली.

बॅटरीच सदोष असणार. बसवून देणारा माणूस तर फेब्रुवारीपर्यंत पुरेल म्हणाला होता. रोज संध्याकाळी फक्त दीड तास, गावकऱ्यांसाठीचा कार्यक्रम आणि बातम्या. किल्ली मास्तरांच्या ताब्यात. मास्तर म्हणजे मी, रघुवीर बिवलकर, पोलादपूरहून दोन तास चालत यावे लागणाऱ्या या करंजकोंडचा एकुलता एक शिकलेला माणूस. शाळेच्या खोलीत फळीवर सरकारने गावाला दिलेला रेडिओ, फळीमागे कुडाची भिंत, कुडापलीकडे माझे बिऱ्हाड. आता इतक्या जवळ रेडिओ असताना दुपारच्या सुट्टीत दारे लावून मी थोडे गाणे, एखादी श्रुतिका ऐकली असेल, तर ते काही मोजण्यासारखे नाही. तसले काही ऐकण्याजोगे कान या गावात दोनच आहेत आणि ते माझे आहेत. बाकीच्यांना बैलांची घुंगरे आणि गायनातले राग सारखेच. गाढवाला गुळाची चव काय?

चिंता एवढीच, की महाडच्या शाळेत जागा रिकामी होते आहे आणि माझा अर्ज वर गेला आहे. बायको गोदावरी आणि मुलगी प्रमोदिनी तीन वर्षे महाडात मेहुण्यांच्या घरी राहतात. मी रविवारी पाहुण्यासारखा जातो. पोरगी आता मला अहो-जाहो करू लागली आहे. बदली व्हायची तर नोकरीच्या पुस्तकात एकही वाईट शेरा नको. सरकारी बॅटरी तीन महिन्यांत फस्त केली असा शेरा पडला, की मी इथेच म्हातारा होणार.

मासिक अहवालात लिहून टाकले : 'संच सुस्थितीत. श्रोते चाळीस.'

२१ नोव्हेंबर

गावकऱ्यांना सांगितले, वरच्या हवेत बिघाड आहे, काही दिवस ऐकू येणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुशाबा म्हाताऱ्याने तर आभाळाकडे पाहिले आणि "व्हय, व्हय, दिसतोय खरा," म्हणाला. अशा लोकांना शिकवायचे!

२३ नोव्हेंबर

मालोजी आला होता. हा मुंबईच्या गिरणीत अकरा वर्षे काढून खोकला आणि शंभरेक इंग्रजी शब्द घेऊन परतलेला गृहस्थ. म्हणाला, "गुरुजी, फिकीर मत करो. मशीन बंद पडला तरी प्रोग्राम बंद नाय पडला पायजे. आमी कुडामागं बसून बोलतो, मंडळी म्होरं बसून ऐकतील. टायमावर चालू, टायमावर बंद."

"आणि मंडळींना कळणार नाही, तूच बोलतोयस ते?"

"कळंल की. तोंड दिसत नाय ना, मग झाला."

मी हसलो. तो हसला नाही. कुडामागे म्हणजे माझ्या खोलीत, माझ्या चुलीपाशी, हे त्याने गृहीतच धरले होते. नाही म्हणणार होतो. पण लोक संध्याकाळी येत राहिले तर अहवालातले चाळीस श्रोते तरी खरे ठरतील, म्हणून गप्प बसलो.

२५ नोव्हेंबर

लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझे मलाच खोटे वाटायला नको.

दिवेलागणीला चाळीसेक बाप्ये शाळेत येऊन मेलेल्या रेडिओकडे तोंड करून बसले. बायका नेहमीप्रमाणे बाहेर अंगणात, पाठ भिंतीला लावून. मालोजीने त्यांच्या समोरून जाऊन रेडिओचे बटण फिरवले, टक् असा आवाज झाला, आणि हा पठ्ठ्या मागच्या दाराने माझ्या खोलीत धावत आला. मग कुडाला तोंड लावून ओरडला, "करंजकोंड केंद्र! टाइम सात!" घड्याळ त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हते. माझ्याकडे होते. पावणेसात झाले होते.

नंतर श्रुतिका. कथा अशी की सगुणा नावाच्या मुलीचे लग्न ठरते आणि नवरा बोटीवर नोकरीला निघून जातो. नवरा मालोजी. सगुणा म्हणजे रंगूबाई, वय पस्तीस, दहा वर्षांपासून विधवा, अक्षरशत्रू. कुशाबा आवाजांचा कारखाना. सुपात तांदूळ फिरवला की पाऊस, तांब्यात तोंड घालून घुमला की बोट, आणि कशेडीचा घाट चढणारा ट्रक तर नुसत्या घशातून. ट्रक मात्र त्याला इतका आवडतो की बोटीच्या प्रवासातही त्याने दोनदा घातला.

शेवटी मालोजी "आता खेळ बंद" म्हणाला, समोर जाऊन बटण फिरवून आला. नंतर जे झाले ते सर्वांत अजब. तिघेही मागच्या दाराने निघाले, विहिरीला वळसा घालून, जणू शेतावरून येताहेत असे समोर आले. मालोजीने विचारले, "काय लागला व्हता आज?" आणि त्या चाळीस माणसांनी त्याचीच कथा त्याला पहिल्यापासून सांगितली! तोही "अरेरे, चुकला माझा," असे म्हणत ऐकत उभा. कुणी फिसकन हसले नाही. हा इथला नियमच झाला म्हणे. वेड्यांचा बाजार आणि पेढ्यांचा भाव.

३ डिसेंबर

रोज चालले आहे. माझा भात दोनदा करपला. उच्चार ऐकवत नाहीत. काल न राहवून त्यांना बसवून सांगितले, 'हाय' नव्हे 'आहे', 'पानी' नव्हे 'पाणी'. कुशाबा म्हणाला, "आमच्या विहिरीत पानीच हाय गुरुजी." पालथ्या घड्यावर पाणी.

मी स्वतः १९५१ साली मुंबईला रेडिओसाठी आवाजाची परीक्षा देऊन आलो आहे. काचेपलीकडे तिघे बसले होते. 'उच्चार शुद्ध, पण आवाज ऐकणाऱ्याशी बोलत नाही' असा शेरा दिला. ऐकणाऱ्याशी बोलायला तो काय भाजीवाला आहे? परीक्षकांचे कान तयार नव्हते, दुसरे काय. नाचता येईना अंगण वाकडे.

एक गोष्ट मात्र खटकते. ही रंगूबाई वाक्याच्या मध्ये थांबते. बरोबर जिथे थांबायला हवे तिथे. आज नवऱ्याचे पत्र आले नाही असे कळल्यावर ती नुसती "बरं" म्हणाली आणि गप्प झाली. शाळेच्या खोलीत कुणी खोकलेसुद्धा नाही. हे त्या बाईला कुणी शिकवले? मुंबईच्या श्रुतिकांत असे थांबतात. योगायोग असेल. आंधळ्याच्या गाई देव राखतो.

१२ डिसेंबर, शनिवार

आज हद्द झाली. कथेत सगुणेचे लग्न होते. मी मंगलाष्टके तरी शुद्ध व्हावीत म्हणून स्वतः म्हटली. म्हणजे उपकारच केले. 'सावधान' म्हणालो आणि कुडापलीकडे सर्रर्र असा आवाज आला. मला वाटले कुशाबाचा पाऊस. त्याच्याकडे पाहिले तर तो हात जोडून उभा.

लोक उठून रेडिओवर अक्षता टाकत होते. कुंकू लावलेले खरे तांदूळ! घरून आणले होते, फडक्यात बांधून. सरकारी संचाच्या जाळीत तांदूळ गेले आहेत आणि ते आता काडीने काढत बसलो आहे. माणसाने किती अडाणी असावे याला काही सुमार?

रंगूबाई चुलीपाशी बसून रडत होती. मी विचारले, काय झाले, तर म्हणाली, "काय नाय गुरुजी. धूर." चूल पेटलेली नव्हती. गावात लग्न असले की ही मांडवाबाहेर भांडी घासत असते, हे मी पाहिले आहे. हळदीकुंकवाला तिला कुणी हाक मारत नाही. आज तिच्यावर अख्ख्या गावाने अक्षता टाकल्या, त्यात तिचा काय दोष? दोष टाकणाऱ्यांचा. विधवेला नवरी करायची आणि वर तांदूळ नासायचे. समोर आणून उभी केली असती तर यांतल्या एकानेही टाकल्या नसत्या.

२९ डिसेंबर

पोलादपूरहून सदू टपाल घेऊन आला. रेडिओ तपासायला साहेब ९ जानेवारीला येणार. साहेब बॅटरी मोजणार, माझे अहवाल काढणार, 'संच सुस्थितीत' हे शब्द माझ्याच अक्षरात माझ्यापुढे धरणार.

मालोजीला कुठून कळले देव जाणे. म्हणतो, "सायबाला पण ऐकवू गुरुजी. आमी मागनं बोलतो." साहेब म्हणजे काय करंजकोंडचा गुराखी आहे? त्याला हाकलून दिले. जाताना म्हणाला, "मग काय करायचा ते तुमी सांगा. पर तुमची बदली अडाया नाय पायजे." माझ्या बदलीचे याला काय?

५ जानेवारी १९६०

मार्ग सापडला. दोन दिवस खपून निवेदन तयार केले आहे : 'मी रविवारी महाडास गेलो असता ग्रामस्थांनी माझ्या अपरोक्ष कुलूप उघडून संच वेळीअवेळी चालविला असावा असा मला दाट संशय आहे.' 'असावा' आणि 'संशय' हे दोन शब्द मुद्दाम घातले आहेत. म्हणजे ते खोटे होत नाही. कुणाचे नाव घेतलेले नाही. गावाला काय शिक्षा होणार? त्यांना नोकरीचे पुस्तक नाही, बढती नाही, महाडात बायको नाही. चार शब्द बोलणी बसतील, ती त्यांना रोजचीच.

झोप मात्र नीट येत नाही. खोलीत इतकी माणसे बीडी ओढून जातात, त्याचा परिणाम.

९ जानेवारी, शनिवार

साहेब आले. मध्यम वयाचे, पायांना फोड आलेले, त्यामुळे आधीच तापलेले. सगळा गाव शाळेत. साहेबांनी संचाची पाठ उघडली, काटा असलेले यंत्र लावले. काटा जागचा हलला नाही. जाळीतून चार तांदूळ पडले. माझे अहवाल काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

"मास्तर, ही बॅटरी रोज चार-चार तास चालल्याशिवाय एवढ्यात संपत नाही. किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे," मी म्हणालो आणि निवेदन काढायला खिशात हात घातला.

तेवढ्यात अंगणातून रंगूबाई आत आली. इतक्या पुरुषांच्या मधून, डोईवरचा पदर ओढून, सरळ साहेबांपुढे.

"बॅटरी आमी बायांनी संपवली सायेब."

साहेब म्हणाले, "तुम्ही? कशी?"

"सांजच्याला बाप्ये बसत्यात, आमाला बाहेर नीट ऐकाया येत नाय. म्हणून आमी गुरुजींच्या मागं लागलो, दुपारचा लावा म्हणून. गुरुजी नाय म्हणत व्हते. आमी पाय धरले. मग त्यांनी लावला. आमी रोज भिताडाच्या मागं बसून ऐकला. कुणाला सांगू नका म्हणून शपथ पण घातली. त्यांचा काय चूक नाय."

साहेबांना खरे वाटेना. "रोज ऐकलं? काय ऐकलं सांगा बघू."

आणि तिने सांगितले. आधी दुपारच्या निवेदिकेचा आवाज जसाच्या तसा काढला, शुद्ध, अनुस्वारासकट. मग कुठली श्रुतिका, त्यात म्हातारा कसा बोलत होता, बाई कुठे थांबली, मध्ये पेटी कशी वाजली. दिवाळीनंतरची एक, नवरात्रातल्या दोन. तुळजाबाई नावाची एक म्हातारी मागून म्हणाली, "आनि तो गानारा, मरायच्या दिसाचा." म्हणजे बॅटरी मेली त्या दिवसाचा. त्या गवयाचा विझत गेलेला आवाजही रंगूबाईने काढून दाखवला.

मी सगळे ओळखत होतो. सगळ्या माझ्या दुपारी होत्या. दारे लावून मी एकटा ऐकत होतो आणि भिंतीपलीकडे या बसलेल्या होत्या, रोज, आवाज न करता. पाय धरल्याची गोष्ट तेवढी खोटी.

साहेबांनी काट्याचे यंत्र पिशवीत घातले. मग म्हणाले की नियम म्हणजे नियम. गावाने संचाचा गैरवापर केला, संच परत घेतला जाईल, तीन वर्षे दुसरा मिळणार नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही मऊ आहात. बायाबापड्यांना नाही म्हणता येत नाही, त्यापायी अहवालात खरं दडवलंत. पण माणूस सरळ दिसता. तुमच्यावर शेरा मारत नाही."

बोलण्याची संधी मिळाली नाही असे इथे लिहिणार होतो. मिळाली होती. साहेबांनी चहा घेतला, पायाला तेल लावून घेतले, अर्धा तास बसले होते. मी त्यांना बशी धरून दिली.

१० जानेवारी

कुशाबाने रेडिओ डोक्यावर घेऊन पोलादपूरला पोहोचवला. हमालीचे पैसे घेतले नाहीत.

रंगूबाईला विहिरीवर गाठले. विचारले, हे कशाला केलेस? मला राग आला होता, आणि तो तिचाच का आला होता, हे आत्ता लिहितानाही कळत नाही.

"तुमची पोर म्हाडात हाय ना गुरुजी," ती म्हणाली. "आनि खोटा काय बोलले? अर्धी बॅटरी आमच्या कानात गेलीच की. तुमी लावत व्हते म्हणून तर मला बोलाया आला."

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होते?"

"व्हय. तुमी हवेत बिघाड हाय म्हणालेत, तवा कुशाबा किती हसला घरी जाऊन."

घागर उचलून गेली. संध्याकाळी लोक आले आणि रिकाम्या फळीकडे तोंड करून बसले. बटण नव्हते, तर मालोजीने जिभेने टक् असा आवाज काढला. मी पडून राहिलो. निवेदनाचा कागद चुलीत घातला. खिशात घामाने ओला झाला होता, धुमसत राहिला.

३ फेब्रुवारी

बदलीचा हुकूम आला. महाड. गोदावरीला कार्ड टाकले. गावाने नारळ आणि पायली तांदूळ दिले. मालोजी म्हणाला, "कदी आलात तर मंगलाष्टकाला या, दुसरा लगीन काढतो कथेत." मी हो म्हणालो. जाणार नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार. महाड

मेहुणे गुडघ्यांसाठी सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले होते, म्हणून त्यांचा रेडिओ आज आमच्या ताब्यात. दुपारी श्रुतिका लागली. तीन वर्षे ज्याची वाट पाहिली ते हेच : आपले माणूस शेजारी, पानसुपारी, समोर चांगला संच. नायिकेला नवरा गेल्याची बातमी कळते. बाईचे उच्चार निर्दोष होते. तिने बातमी ऐकली आणि लगेच हंबरडा फोडला.

माझ्या तोंडून निघून गेले, "थांबायला हवे होते. रंगूबाई थांबली असती."

"कोण रंगूबाई?" गोदावरीने विचारले. प्रमोदिनीही कान टवकारून बसली.

टाळता आले असते. का कोण जाणे, सांगत सुटलो. कुडामागचे केंद्र, कुशाबाचा ट्रक, अक्षता. प्रमोदिनी हसून हसून लोळली, मला म्हणाली, "बाबा, तो ट्रक करून दाखव ना." मला 'तू' म्हणाली. मी दाखवला, वाईट झाला. मग तिला पाणी आणायला पाठवून साहेबांचेही सांगितले, दुपारच्या बॅटरीचेही. खिशातल्या निवेदनाचेही सांगितले. ते सांगायचे नव्हते.

गोदावरी सुपारी कातरत ऐकत होती. रागावली नाही, काही नाही. सगळे झाल्यावर तिने एवढेच विचारले, "म्हणजे त्या बाईचा रेडिओ देऊन तुम्ही इथे आलात?"

मी म्हणालो, तसे नव्हे, नियमच तसा आहे, संच गावाचा होता, तिचा नव्हे. ती "बरं" म्हणाली आणि गप्प झाली.

तासाभराने कागद घेऊन बसलो आहे. आतमध्ये प्रमोदिनी आईला ट्रकचा आवाज करून दाखवते आहे. 'मा. साहेबांच्या सेवेशी, बॅटरी मी' इथपर्यंत लिहून झाले आहे.